कम्प्युटर उगाच टुंग-टुंग करून राहिला का? आधी पिन काढा, मग सेटिंगमध्ये हात घाला

मागच्या कापसाच्या सीझनमध्ये आमच्या सेंटरवर दिवसभर अंगठ्याचं काम चालू होतं, ई-केवायसीचं. कापूस वेचणाऱ्या बायांचे अंगठे ज्यानं पाहिले त्यालाच माहीत, बोंडाच्या टोकांनी रेषाच घासून गेलेल्या असतात, मशीन आधीच दहादा नाही म्हणते, आणि त्यात एखाद्या मावशीनं ओल्या फडक्यानं बोट पुसून नीट दाबून धरलं की बरोबर त्याच टायमाला कम्प्युटर 'टु-डुंग' करायचा आणि मशीनमधला लाल लाईट विझून जायचा. दोन सेकंदांनी पुन्हा 'टि-डिंग', लाईट चालू. दिवसभर हेच. मी काय केलं, तर डोकं दुखते म्हणून आवाज म्यूट केला आणि दोन दिवस तसंच काम रेटलं, शिव्या मशीनला दिल्या, नेटला दिल्या, सर्व्हरला दिल्या. तिसऱ्या दिवशी टेबल सरकवताना दिसलं की मागं यूएसबीची वायर उंदरानं कुरतडली आहे, आतली तांब्याची तार उघडी पडली होती. म्हणजे कम्प्युटर दोन दिवस मला वाजवून सांगून राहिला होता आणि मीच त्याचं तोंड दाबून बसलो होतो.

आर्णी तालुक्यातलं आमचं गाव लहान आहे, कम्प्युटरचं थोडंफार समजणारा म्हणून मलाच फोन येतात, "भाऊ, उगाच वाजून राह्यला, काय झालं पाहा ना". आता फोनवर आवाज ओळखणं म्हणजे बैल न पाहता दात मोजणं. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकतो, ज्यांच्या घरी पोराच्या अभ्यासासाठी नाही तर ऑनलाइन कामासाठी नवीनच कम्प्युटर आला त्यांच्यासाठी. जे जाणकार आहेत त्यांनी सोडून दिलं तरी चालते.

पहिली पायरी: आवाज नेमका निघतो कुठून

सेटिंग, ड्रायव्हर, फॉर्मॅट हे सगळं नंतर. आधी कम्प्युटरच्या मागे जा आणि स्पीकरची जी हिरवी पिन कॅबिनेटमध्ये खुपसलेली असते ती ओढून काढा. स्पीकर चालूच राहू द्या, फक्त पिन काढा. आता बसा आणि ऐका.

आवाज बंद झाला, तर तो विंडोजचा किंवा एखाद्या प्रोग्रामचा आहे, म्हणजे सेटिंगमधून जाणार. पिन काढूनही स्पीकरमधून येऊनच राहिला, घूंऽऽ नाही तर टक-टक, तर कम्प्युटरचा काही गुन्हा नाही, भानगड लाइनीत, अर्थिंगमध्ये नाही तर स्पीकरच्या अडॉप्टरमध्ये आहे. आणि आवाज स्पीकरमधून नाहीच, कॅबिनेटच्या पोटातून किंवा टेबलाखालच्या यूपीएसमधून (लाइन गेल्यावर थोडा वेळ कम्प्युटर चालवणारा बॅटरीचा डबा) येते, तर तो तिसरा प्रकार. लॅपटॉपवाल्यांनी पिनऐवजी कीबोर्डवरचं म्यूटचं बटन दाबून पाहा, तेच काम होते.

एवढं एक केलं तरी अर्धा घोळ सुटतो. माझ्याकडे एक जण कॅबिनेट मोटरसायकलवर बांधून बारा किलोमीटर घेऊन आला होता, आवाज यूपीएसचा होता, आणि यूपीएस घरीच.

विंडोजचे स्वतःचे आवाज

विंडोज प्रत्येक गोष्टीला एक आवाज लावून ठेवते. चूक झाली, मेसेज आला, पेनड्राइव्ह लावला, काढला, बॅटरी संपत आली. हे सगळे एकाच खिडकीत सापडतात, पण ती खिडकी मायक्रोसॉफ्टवाले दर व्हर्जनला नव्या जागी लपवतात, म्हणून मी सगळ्यांना एकच रस्ता सांगतो जो विंडोज सात असो, दहा असो की अकरा, चालतेच. कीबोर्डवरचं विंडोजचं बटन दाबून धरा आणि आर दाबा. खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा डबा उघडेल. त्यात इंग्रजीत टाइप करा एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल, मधे कुठंच जागा सोडायची नाही, आणि एंटर.

जी खिडकी उघडते तिला वर चार कप्पे आहेत, प्लेबॅक, रेकॉर्डिंग, साउंड्स, कम्युनिकेशन्स. आपल्याला तिसरा पाहिजे, साउंड्स. तिथं मोठी यादी दिसेल, ज्या नावापुढं छोटं स्पीकरचं चित्र आहे त्याला आवाज लावलेला आहे. आता यातली खरी युक्ती ऐका, जी बऱ्याच जणांना माहीत नसते: यादीतल्या एका नावावर क्लिक करा आणि खालचं टेस्ट बटन दाबा, तो आवाज वाजेल. असं एकेक वाजवत खाली जा. जो आवाज तुम्हाला छळून राहिला तो सापडला की नाव समजलं, आणि नाव समजलं म्हणजे कारण समजलं.

साधारण काय-काय सापडते ते सांगून ठेवतो. डिव्हाइस कनेक्ट आणि डिव्हाइस डिसकनेक्ट ही जोडी आहे, लावलं की सूर वर चढते, काढलं की खाली उतरते. हात न लावता हे वाजत असेल तर यूएसबीचं काहीतरी लूज आहे, त्याचं पुढं वेगळं सांगतो. ॲस्टेरिस्क, एक्सक्लमेशन आणि डिफॉल्ट बीप हे तिन्ही बरेचसे सारखेच वाजतात, हे म्हणजे कम्प्युटर "असं नाही होत" म्हणते तेव्हाचे. एखादी छोटी खिडकी मागे उघडी राहिली असते, उत्तर मागून राहिली असते, आणि तुम्ही पुढच्या खिडकीत क्लिक करत राहता, म्हणून दर क्लिकला डुंग. अशा वेळी ऑल्ट दाबून धरून टॅब दाबा, मागे लपलेली खिडकी सापडते. क्रिटिकल स्टॉप वाजला तर स्क्रीनवर काय लिहून आलं ते वाचा, घाईनं ओके करू नका, मोबाइलनं फोटो काढून ठेवा, नंतर कोणाला दाखवायला कामी येते.

विंडोज सातवाले अजून पुष्कळ आहेत इकडं, त्यांच्या तक्रारीत एक ठरलेली गोष्ट असते, फोल्डर उघडलं की 'टिक' वाजते. त्याचं नाव स्टार्ट नेव्हिगेशन, यादीत खाली विंडोज एक्सप्लोररच्या गटात आहे.

आवाज बंद करायचा तर नावावर क्लिक करा, खाली साउंड्सची पट्टी आहे ती उघडा, सगळ्यात वर नन असं दिसेल, ते निवडा, मग अप्लाय, मग ओके. सगळेच नको असतील तर वरच्या साउंड स्कीमच्या पट्टीत नो साउंड्स निवडलं की एका झटक्यात सगळं गप्प. गाणी, व्हिडिओ याला काही होत नाही, ते चालूच राहतात. पण माझं ऐकाल तर सगळं गप्प करू नका, लॅपटॉप असेल तर लो बॅटरी अलार्म आणि क्रिटिकल बॅटरी अलार्म राहू द्या. आपल्याकडं लाइन कधी जाईल याचा नेम नाही, चार्जरचा लाईट बंद झालेला लक्षात येत नाही आणि भरत आणलेला फॉर्म बॅटरीसोबत जातो.

चालू करताना जो मोठा सूर वाजते तोही इथूनच बंद होते, त्याच कप्प्यात खाली प्ले विंडोज स्टार्टअप साउंड अशी टिक आहे, ती काढा. विंडोज आठपासून हा सूर सुरुवातीला बंदच असायचा, २०२१ मध्ये विंडोज अकरा आलं तेव्हा पुन्हा आला, त्यामुळं नवीन कम्प्युटर घेतलेल्यांना वाटते काही बिघडलं. काही नाही बिघडलं. घरात पहाटे कोणी अभ्यास करत असेल आणि बाकीचे झोपले असतील तर ती टिक काढा, झालं.

आवाज बंद नको, फक्त कमी पाहिजे, असंही असते. पोट्टं हेडफोन लावून लेक्चर ऐकते आणि मधेच ढॅण् करून विंडोजचा आवाज कानात फुटते. त्यासाठी पुन्हा विंडोज आणि आर, यावेळी टाइप करा एस एन डी व्ही ओ एल. हा मिक्सर आहे. इथं प्रत्येक प्रोग्रामची वेगळी दांडी दिसेल, त्यात एक सिस्टम साउंड्स नावाची आहे, ती निम्म्याच्या खाली ओढून ठेवा. हा मिक्सर चोर पकडायलाही चांगला आहे, कारण जो प्रोग्राम वाजते त्याच्या दांडीत हिरवी पट्टी हलते. आवाज येऊन राहिला आणि कोण करते समजत नाही, तर मिक्सर उघडा ठेवून बसा आणि कोणाची पट्टी हलते ते पाहा.

आणि उलटी तक्रार, "कॉल लागला की गाण्याचा आवाज आपोआप दबते". तो बिघाड नाही. चौथा कप्पा कम्युनिकेशन्स, त्यात ८० टक्के कमी करा अशावर टिक असते, ती डू नथिंगवर न्या.

कीबोर्डवरून होणारे खेळ

आमच्या शेजारचे काकाजी एका रात्री दारात आले, म्हणाले, "अरे, तो कम्प्युटर बोलून राह्यला." म्हटलं, काय बोलते? "मले काय माहीत, इंग्रजीत बोलते. मी जिथं बोट नेलं तिथलं सांगते. मी काही दाबलं नाही, आमच्या पोट्ट्यानं दाबलं असंल." जाऊन पाहिलं तर नातू कीबोर्डवर दोन्ही हातांनी तबला वाजवून गेला होता, आणि नॅरेटर चालू झाला होता. नॅरेटर म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चांगली गोष्ट आहे, पण ज्यानं मागितली नाही त्याच्या घरी रात्री नऊ वाजता चालू झाली की धसका बसते. विंडोज, कंट्रोल आणि एंटर तिन्ही एकदम दाबले की चालू, पुन्हा तेच दाबले की बंद. काकूंनी मला चहा पाजला, काम दोन सेकंदांचं होतं.

असेच अजून तीन आहेत. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की चीं असा आवाज येऊन स्टिकी कीज विचारते, गेम खेळणाऱ्या पोरांच्या घरी हे रोजचं. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की फिल्टर कीज, मग बटनं दाबली तरी उमटत नाहीत, नुसता टिक-टिक आवाज येते आणि माणूस म्हणते कीबोर्ड गेला, नवीन आणतो. थांबा, आणू नका. तिसरं टॉगल कीज, नम लॉक पाच सेकंद दाबलं की चालू होते, मग कॅप्स लॉक दाबलं की पीं. तिन्ही बंद करायची जागा एकच, सेटिंग उघडा, ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड. विंडोज दहामध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ईझ ऑफ ॲक्सेस लिहिलेलं असते. तिथं शॉर्टकटची टिकही काढून टाका, नाही तर पोट्टं उद्या पुन्हा चालू करून ठेवते.

आणि कीबोर्डचं एखादं बटन खरंच आत चिकटून बसलं असेल, चहा सांडला, चिवड्याचा दाणा अडकला, तर कम्प्युटर सारखा डुंग-डुंग करत राहते. कीबोर्ड काढून पाहा. काढल्यावर शांत झाला तर तोच गुन्हेगार. उलटा करून झटका, किती काय-काय पडते ते पाहून घरच्यांना दाखवा.

यूएसबीचा टु-डुंग

सुरुवातीला जे माझं झालं ते. शोधायची पद्धत अशी: माऊस आणि कीबोर्ड सोडून बाकी सगळं काढा, प्रिंटर, अंगठ्याची मशीन, वेबकॅम, वायफायची काडी, मोबाइलची चार्जिंगची वायर. शांत झालं का? मग एकेक लावा आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं द्या. घाई केली तर चुकीचं यंत्र बदनाम होते. सापडलं की आधी वायर बदला, मग जागा बदला. कॅबिनेटच्या समोरची भोकं ढिली झालेली असतात, मागची मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीलाच, जोडलेली असतात, मागे लावा. चार भोकांचं स्वस्त हब लावलं असेल तर ते आधी काढा, त्याला एवढ्या यंत्रांचं करंट पुरत नाही आणि मग कोणीतरी एक बाहेर फेकलं जाते.

वायर चांगली, जागा चांगली, तरी दर थोड्या वेळानं वाजतेच, तर विंडोज करंट वाचवायला ते भोक झोपवत असते. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, सगळ्यात खाली युनिव्हर्सल सीरियल बस, त्यात रूट हब नावाच्या प्रत्येकावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचा कप्पा, आणि तिथली एकच टिक काढायची. माझ्याकडं एका प्रिंटरचं दुखणं याच टिकेनं गेलं.

असाच एक भाऊबंद म्हणजे हिरव्या पिनीचा. पिन ढिली असली की दर वेळी स्क्रीनवर येते, ऑडिओ जॅकला काहीतरी लावलंत, कोणतं यंत्र आहे सांगा. कूलरच्या हवेनं वायर हलते तेवढंही पुरते. पिन पूर्ण आत दाबा, नाही थांबलं तर पिनीवरची घाण कोरड्या फडक्यानं पुसा.

ब्राउझरचे टिंग-टिंग आणि व्हायरसची बोंब

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुढचे आठ दिवस मला हेच काम. निकाल पाहायला पोरं गूगलवर जे दिसेल ते उघडतात, कोणती तरी भलतीच साइट विचारते नोटिफिकेशन पाठवू का, पोरगं घाईत अलाऊ दाबते, आणि मग घरातल्या कम्प्युटरवर रात्रंदिवस कोपऱ्यात टिंग, तुमच्या कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले. व्हायरस-बियरस काही नसते, ती जाहिरात असते. त्यावर क्लिक करायचं नाही. क्रोमचे वरचे तीन टिंब, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं ज्यांना परवानगी दिली त्यांची यादी आहे. जी नावं ओळखीची नाहीत ती सगळी काढा, ओळखीची असली तरी कामाची नसतील तर काढा. मी तर वरचीच सेटिंग अशी करून देतो की कोणत्याच साइटनं विचारायचंच नाही. एज ब्राउझरमध्येही असंच आहे, नावं थोडी वेगळी.

कधी कधी याच्यापेक्षा भारी प्रकार होतो, पूर्ण स्क्रीन लाल-निळी होते, सायरन वाजते, एक बाई इंग्रजीत सांगते कम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा. फोन करायचा नाही, बाप्पा. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन आपल्या ताब्यात घेते आणि बँकेपर्यंत जाते. एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ फोर. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एंड टास्क. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर मागचं पान उघडू का विचारलं तर नाही म्हणा. आणि घरातल्या कोणी फोन करून पैसे घालवलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकं बरं.

विंडोजचे स्वतःचे नोटिफिकेशनचे टिंग नको असतील तर सेटिंग, सिस्टम, नोटिफिकेशन्स, तिथं आवाज वाजवू देण्याची टिक काढा. मेसेज दिसतील, वाजणार नाहीत.

कॅबिनेटच्या पोटातले आवाज

इथं सेटिंग काही कामाची नाही, इथं पेचकस लागते.

घरघर असेल तर पंखा. आपल्याकडं दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवतात, कित्येक घरी तर कम्प्युटर ज्या खोलीत त्याच खोलीत छतापर्यंत कापूस. तो बारीक तंतू हवेत उडते आणि पंख्यातून आत ओढला जाते, प्रोसेसरवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये अशी गादी बसते की उशी भरावी. हवा जात नाही, प्रोसेसर तापते, पंखा जोरात फिरते, आणि तुम्हाला वाटते कम्प्युटर विमानासारखा काहून वाजून राहिला. कम्प्युटर बंद करा, प्लग बोर्डातून काढा, डाव्या बाजूच्या पत्र्याचे मागचे दोन स्क्रू खोला, पत्रा मागे सरकवून काढा. पेंटिंगचा कोरा ब्रश घ्या, हळू झाडा. ब्लोअर मारणार असाल तर अंगणात घेऊन जा आणि पंख्याची पाती बोटानं धरून मग मारा, हवेनं पंखा गरगर फिरवू नका, खराब होते. साफ करूनही कर्र-कर्र राहिलीच तर पंख्याचं बेअरिंग गेलं, नवीन बसवा, महागाची वस्तू नाही.

कट-कट, कट-कट, आणि त्या वेळी कम्प्युटर अडकते, तर हार्ड डिस्क. इथं साफसफाई, दुरुस्ती, उद्या पाहू असं काहीच करू नका, आधी फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर घ्या. लग्नाचे फोटो, सातबारा, पोरांच्या मार्कशीट, आधी हे. चालू-बंद चालू-बंद करून पाहू नका, एखाद वेळी ती पुन्हा चालूच होत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची चिपवाली डिस्क, असेल तर त्यात फिरणारं काही नसते, त्यामुळं ती वाजणारच नाही, आवाज दुसऱ्या कशाचा तरी आहे.

चालू करताच पीं-पीं-पीं आणि स्क्रीन काळीच, हा पावसाळ्यातला ठरलेला रोग, रॅम म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली पट्टी, तिच्या पिनांवर ओल आणि गंज बसते. एकदाच छोटा पीं वाजून चालू होत असेल तर ते सहसा सगळं ठीक असल्याचं, त्याला काही करू नका. सारखं वाजत असेल तर प्लग काढा, प्लग काढल्यावर पॉवरचं बटन पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेलं करंट निघून जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके उघडून ती काढा. सोनेरी पट्ट्यांवर शाळेचा पांढरा खोडरबर हलका घासा, चुरा झटकून टाका, आणि पुन्हा बसवताना दोन्ही बाजूनं कट असा आवाज येईपर्यंत सरळ दाबा. पीं-पीं किती आणि कशी वाजते त्याचा अर्थ कंपनीप्रमाणे वेगळा असते, मदरबोर्डच्या पुस्तकात दिलेला असते, ते पुस्तक डब्यासोबत जाळू नका.

यूपीएस

लाइन गेल्यावर थोड्या-थोड्या सेकंदांनी पीं करते, ते त्याचं कामच आहे, सेव्ह करा आणि बंद करा एवढंच तो सांगते. पीं-पीं लवकर लवकर व्हायला लागलं म्हणजे बॅटरी संपत आली. लाइन असताना वाजत असेल तर दोन गोष्टी, बॅटरी म्हातारी झाली, दोन-तीन वर्षांत होतेच, नाही तर लोड जास्त झाला. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक ३६० वॅट लिहिलेलं असते, त्यावर लेझर प्रिंटर लावला की तो ओरडणारच. उन्हाळ्यात अजून एक होते: कूलर आणि कम्प्युटर एकाच बोर्डावर, सांजच्याला गावात सगळ्यांचे कूलर चालू झाले की व्होल्टेज डिम होते, आणि यूपीएस आतल्या आत कटाक-कटाक करत लाइनीवरून बॅटरीवर, बॅटरीवरून लाइनीवर उड्या मारते. बिघडला नाही तो. कूलर दुसऱ्या बोर्डावर न्या, आणि व्होल्टेज फारच पडत असेल तर स्टॅबिलायझर पाहा. यूपीएस स्वतः उघडू नका, बंद असला तरी आत झटका असते.

घूं आणि टक-टक

पिन काढूनही स्पीकर घूंऽऽ करते तर तो लाइनीचाच सूर आहे, आपली लाइन ५० हर्ट्झची, तीच ऐकू येते. स्पीकरची वायर पॉवरच्या वायरींपासून लांब करा, अडॉप्टर दुसऱ्या बोर्डात लावून पाहा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण येत असेल तर अर्थिंग नाही, मग आवाज राहू द्या बाजूला, आधी वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा असेल, कोळसा-मीठ भरलेला, तर एप्रिल-मेमध्ये तो कोरडाठाक होते, त्यात बादलीभर पाणी ओतत जा. पिन लावल्यावरच घूं किंवा शिट्टी येत असेल तर मघाच्या खिडकीत दुसरा कप्पा रेकॉर्डिंग, मायक्रोफोनवर डबल क्लिक, लिसन, आणि तिथली टिक काढा, माइकचा आवाज स्पीकरमध्ये आणि स्पीकरचा माइकमध्ये असा गरगर फिरत असते. साधा बटनांचा मोबाइल स्पीकरजवळ ठेवला आणि फोन यायच्या आधी टिडिक-टिडिक झालं तर मोबाइल उचलून दुसरीकडं ठेवा, टू-जी फोन सेकंदाला २१७ वेळा सिग्नल फेकते, तेच ऐकू येते.

आणि टक-टकची गोष्ट सांगून थांबतो. गावाच्या कडेला एका मामाजींचं घर आहे, घराला लागूनच वावर. त्यांचा फोन, रोज रात्री स्पीकरमधून टक... टक... टक, घड्याळासारखं, दिवसा काहीच नाही. दोन संध्याकाळी गेलो, गेलो तेव्हा उजेड होता, काही वाजलं नाही, परत आलो. तिसऱ्यांदा जेवण करून गेलो. वाजून राहिलं होतं. हिरवी पिन ओढली, तरी टक-टक चालूच, म्हणजे कम्प्युटर सुटला. अडॉप्टर बदलला, बोर्ड बदलला, तेच. मग सपरीत येऊन बसलो आणि अंधारात धुऱ्याकडं पाहिलं तर तुरीच्या कडेला बारीक निळी ठिणगी, स्पीकरमधल्या टकीसोबत बरोबर त्याच ठेक्यात. झटका मशीन. रानडुकरांसाठी मामाजींनी दिवाळीपासून तारेला लावली होती, सांजच्याला चालू, सकाळी बंद. गवत वाढून तारेला टेकलं होतं, तिथून झटका जमिनीत उतरत होता, आणि मशीनचं अर्थिंग त्यांनी घराच्याच अर्थिंगच्या खुंटीला बांधलं होतं, वेगळा खड्डा कोण खोदते म्हणून. ते अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद करून मामाजींनी विळ्यानं सगळा धुरा साफ केला, लोखंडी सळई वावराच्या त्या टोकाला ठोकली आणि वायर तिकडं नेली. रात्री मशीन चालू केली, मी फोन करून विचारलं, तर म्हणाले एकदम शांत. सकाळी सातला पुन्हा त्यांचा फोन.

"भाऊ, आता तर काहीच आवाज नाही येऊन राह्यला, गाणं लावलं तरी नाही."

"मामाजी, मागं हिरवी पिन लटकत असंल पाहा, ती मीच काढली होती."